आईची दाढ आणि कानामागची शीर: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया व एमव्हीडी ऑपरेशनचा अनुभव

कृष्णाकाठची | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईच्या ऑपरेशनला आज सहा आठवडे झाले. दोन वर्षांपूर्वी याच विभागात मी "दाढ काढली तरी आईचं दाढेचं दुखणं थांबत नाही, काय करू?" असं विचारलं होतं. तेव्हा इथल्या एका ताईंनी एकच ओळ लिहिली होती: "दाढ नसेल, चेहऱ्याची शीर असेल, न्यूरोलॉजिस्टना दाखवा." त्या ओळीने आमची दिशा बदलली, म्हणून पुढचं सगळं इथे लिहिणं मला माझं देणं वाटतं.

आई ६३ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगलीजवळ राहते. चार वर्षांपूर्वी दिवाळीत चकली चावताना उजव्या खालच्या जबड्यात वीज पडल्यासारखी कळ आली आणि पाच-दहा सेकंदांत गेलीही. मग आठवड्यातून एकदा, मग रोज, मग तासातासाला. बोलता बोलता ती अचानक गप्प व्हायची, डोळे मिटायची आणि उजवा हात गालाजवळ न्यायची. पण हात गालाला लागायचा नाही, बोटभर अंतरावर थांबायचा. ते मला फार उशिरा समजलं. दात दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. आई गालाला हात लावायलाच घाबरत होती.

दात घासणं, चूळ भरणं, गार पाणी, पंख्याचा वारा, कशानेही कळ यायची. घरातले पंखे बंद झाले. बाहेर जाताना उन्हाळ्यातही स्कार्फ. जेवण म्हणजे डाव्या बाजूने गिळलेली पातळ पेज. वजन ५८ वरून ४९ वर आलं. तीस वर्षं वर्गात मोठ्याने कविता म्हणून घेणारी बाई फोनवर "हं" आणि "नको" एवढंच बोलायला लागली.

या काळात तिच्या एका दाढेचं रूट कॅनल झालं, मग ती दाढ काढली, मग शेजारची काढली. दोन्ही दाढा गेल्या, कळ तिथेच राहिली. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आईच प्रत्येक वेळी बोट ठेवून सांगायची, "हीच दाढ, ही काढा."

इथला सल्ला वाचून न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटं फक्त ऐकून घेतलं आणि निदान सांगितलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. कार्बामाझेपिनची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी आईने भाकरी चावून खाल्ली. आम्ही सगळे ताटावरून तिच्याकडेच बघत होतो.

दीड वर्ष बरं गेलं, पण डोस चढत चढत दिवसाला १००० मिलिग्रॅमवर आला. आई दिवसभर पेंगायची, चालताना तोल जायचा, ओळखीची नावं आठवेनात. एका सकाळी न्हाणीघरात पडली. रक्तातलं सोडियम १२१ निघालं, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. या औषधाने सोडियम उतरतं हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. गोळी बदलून ऑक्सकार्बाझेपिन दिली, तीही सोडियम उतरवतेच. गोळी कमी केली की कळ, वाढवली की गुंगी, अशा कचाट्यात सापडलो.

तेव्हा पुण्याच्या न्यूरोसर्जनना भेटलो. त्यांनी नवीन एमआरआय समोर ठेवला आणि म्हणाले, "शिरेवर शीर बसलीय." आईने विचारलं, "म्हणजे माझीच शीर माझ्याच शिरेला चावतीय?" डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर बोललात."

आपण मराठीत दोन्हींना शीर नाहीतर नस म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. एक आहे चेहऱ्याची संवेदना मेंदूला पोचवणारी मज्जातंतूची दोरी, म्हणजे पाचवी नस, ट्रायजेमिनल. तिला तीन फांद्या: कपाळ-डोळा, गाल-वरचा जबडा आणि खालचा जबडा. दुसरी आहे रक्तवाहिनी. पाचवी नस मेंदूच्या देठाला जिथे जोडली जाते, तिथे एखादी धमनी वळण घेऊन तिला टेकते. वय वाढतं तशा धमन्या लांब आणि वेड्यावाकड्या होतात. प्रत्येक ठोक्याला ती धमनी नसेवर आपटते, वर्षानुवर्षं. वायरवरचं प्लास्टिक घासून जावं तसं नसेवरचं मायलिनचं वेष्टण झिजतं आणि उघड्या पडलेल्या तंतूंमध्ये शॉर्टसर्किट होतं. मग वाऱ्याची झुळूकसुद्धा मेंदूला विजेचा झटका म्हणून पोचते. दुखतं दाढेत, बिघाड कानाच्या मागे आत.

ऑपरेशनचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डिकंप्रेशन, सगळे एमव्हीडी म्हणतात. कानामागे उभा छेद, कवटीला जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं भोक, सूक्ष्मदर्शकातून लहान मेंदू अलगद बाजूला करून नसेपर्यंत पोचायचं, धमनी सोडवायची आणि दोघींच्या मध्ये टेफ्लॉनच्या तंतूंचा कापसासारखा बोळा ठेवायचा. नस कापायची नाही, जाळायची नाही. मला सगळ्यात पटलं ते हेच.

मामाचा विरोध होता. "गोळीवर भागतंय तर डोकं कशाला उघडायचं?" भीती मलाही होती. शेवटी आईच म्हणाली, "मला जागं राहायचंय. झोपेत जगायचं नाही."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. एक रात्र आयसीयू, सहाव्या दिवशी घरी. पहिले तीन दिवस चक्कर, मळमळ आणि मान आखडलेली. ओठावर तापाच्या पुळ्या आल्या, असं होतं म्हणे. पण शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर सलाईन लावलेला हात उचलून उजव्या गालावर ठेवला. पूर्ण तळवा. बराच वेळ तसाच ठेवला.

गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत, पाच आठवड्यांत उतरवत आणल्या. कालपासून शून्य. बिल पावणेचार लाख झालं, त्यातले अडीच विम्यातून आले.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

अबोली२१ | १२ जुलै, रात्री ११:०५

ताई, गालावर हात ठेवल्याचं वाचून रडूच आलं. माझे सासरे ५८ वर्षांचे, दोन वर्षांपासून हेच. ८०० मिलिग्रॅमवर आहेत. दाढी करणं बंद केलंय त्यांनी. एमआरआय "नॉर्मल" आला, म्हणून डॉक्टर म्हणतात गोळ्याच घ्या. नॉर्मल असेल तर ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही ना?

दातांचा_डॉक्टर | १३ जुलै, सकाळी ७:५०

मी नाशिकला गेली २२ वर्षं प्रॅक्टिस करतो. सुरुवातीच्या काळात अशा एका रुग्णाची निरोगी दाढ मीही काढली आहे, आणि ते मी विसरलेलो नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दाताचं दुखणं ठणकतं, तासन् तास राहतं, रात्री झोपेतून उठवतं, गरम-गार लागलं की वाढतं. न्यूराल्जियाची कळ सेकंदांची असते, फार तर दोन मिनिटांची. दोन कळांच्या मध्ये माणूस बहुधा ठीक असतो, झोपेत त्रास सहसा नसतो आणि नुसत्या कातडीला स्पर्श झाला तरी कळ उठते. दाढेला कीड असेल तर ओठाच्या कडेला बोट लावल्यावर वीज चमकणार नाही.

फसवणारी जागा वेगळीच आहे. आम्ही जबड्यात बधिरीचं इंजेक्शन देतो आणि रुग्ण म्हणतो, "थांबलं!" मग वाटतं, दाढच दोषी. खरं तर इंजेक्शनने कळ उठवणारी जागा बधिर झालेली असते, म्हणून कळ थांबते. त्यावरून दाढ काढली की दोन दिवसांनी रुग्ण परत दारात. क्ष-किरणात आणि तपासणीत ठोस कारण दिसत नसेल तर दाढ काढू देऊ नका, आम्ही सांगितलं तरी. दुसरं मत घ्या.

मोनोंगाहेला | १३ जुलै, सकाळी ९:१५

मी अमेरिकेत पिट्सबर्गला राहते, मूळची ठाण्याची. दातांच्या डॉक्टरांचं वाचून एक सांगावंसं वाटलं, कारण या ऑपरेशनच्या गोष्टीत दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आहेत.

रक्तवाहिनी नसेला टेकते हे वॉल्टर डँडी या सर्जननी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ऑपरेशनं करताना पाहिलं आणि १९३४ साली लिहिलंही. पण तेव्हा उघड्या डोळ्यांनी काम चाले आणि उपाय म्हणजे नस कापणं. १९५९ मध्ये गार्डनर या सर्जननी नस न कापता वाहिनी दूर करून पाहिल्याचं लिहिलं. पुढे १९६६-६७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये पीटर जॅनेटा हे तरुण सर्जन दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली शवविच्छेदन करत होते, आणि पाचव्या नसेला टेकलेली धमनी त्यांना दिसली. त्यांनी सूक्ष्मदर्शकच ऑपरेशनमध्ये आणला. १९७१ मध्ये ते आमच्या गावी, पिट्सबर्गला आले. कित्येक वर्षं बड्या सर्जननी त्यांचं म्हणणं मानलं नाही. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने ११८५ रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध केला: १० वर्षांनंतर ७० टक्के लोक औषधाशिवाय वेदनामुक्त होते. यात काहींचं ऑपरेशन दोनदा करावं लागलं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. जॅनेटा २०१६ मध्ये गेले.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांचं दुखणं ८ वर्षांहून जुनं होतं, त्यांच्यात ते परत उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. अबोलीताई, म्हणून "बघू पुढे" म्हणत दशक घालवू नका.

शंकर_आण्णा | १३ जुलै, दुपारी १:३०

सगळ्यांनी लगेच डोकं उघडायला धावू नये म्हणून लिहितोय. आमच्या मंडळी ७७ वर्षांच्या, हृदयात दोन स्टेंट, शुगर. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एवढी भूल झेपायची नाही. मग गालातून सुई घालून नसेच्या मुळाशी फुगा फुगवून दाबायचा उपाय केला. अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. कळ जागेवर थांबली. तीन वर्षं सुखात गेली, आता थोडी थोडी परत सुरू झालीय, पुन्हा करू म्हणतात. अर्धा चेहरा बधिर आहे, जेवताना घास गालात राहतो तो कळत नाही. पण ती म्हणते, बधिर परवडलं.

कृष्णाकाठची | १३ जुलै, रात्री ८:२०

आण्णा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या सर्जननीही हेच सांगितलं होतं: वय झालेलं, हृदय-फुप्फुस कमजोर, तर सुईचे उपाय. फुगा, ग्लिसरॉल, किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने नस थोडी भाजणं. दुसरा मार्ग गॅमा नाइफ. त्यात चीर नाही, एकाच बैठकीत नसेच्या मुळावर किरणांचा मारा करतात, पण गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. हे सगळे उपाय नसेला मुद्दाम थोडी इजा करून कळ थांबवतात, म्हणून बधिरपणा येतो. एमव्हीडी दाबाचं कारणच दूर करतं, पण त्यासाठी डोकं उघडावं लागतं. काकूंसाठी तुम्ही केलंत ते योग्यच केलंत.

एक विनंती. कपाळ-डोळ्याची फांदी बधिर असेल तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही. काकूंचा डोळा लाल दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

अबोली, तुझ्या प्रश्नाला वेगळं उत्तर लिहिते, रिपोर्ट शोधून.

वैद्य_जोशी_काकू | १३ जुलै, रात्री ९:००

सुश्रुताने उत्तरतंत्रात शिरोरोगांमध्ये "अनंतवात" सांगितला आहे: मान, डोळा, भुवई, शंख (म्हणजे कानशील) इथे तीव्र वेदना, गाल थरथरणं, जबडा धरणं. आम्ही या दुखण्याचा विचार त्या अंगाने करतो. तरीही स्पष्ट लिहिते: एमआरआय न करता नुसत्या नस्य-काढ्यांवर कुणी ठेवत असेल तर ऐकू नका. क्वचित गाठ असते, तरुण रुग्णात मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे नसांचं मायलिनचं वेष्टण खराब करणारा आजार, असतो. आधी ते नाही हे कळलं पाहिजे. माझ्याकडे आलेल्यांना मी आधी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवते.

भूलघर | १४ जुलै, रात्री १२:१०

मी भूलतज्ज्ञ आहे. एमव्हीडीच्या केसेसमध्ये टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसून बघत आलेय, म्हणून आतली बाजू सांगते.

रुग्णाला कुशीवर झोपवतात, डोकं तीन टोकांच्या पकडीत पक्कं. कानात छोटा हेडफोन असतो, त्यातून टक-टक आवाज सतत जात असतो आणि मेंदूच्या देठापर्यंत तो पोचतोय की नाही हे पडद्यावर दिसतं. कारण ऐकण्याची आठवी नस अगदी शेजारी आहे. लहान मेंदू जरा जास्त ओढला गेला की पडद्यावरची लाट लांबते, तंत्रज्ञ ओरडतो, सर्जन हात थांबवतात. आत शिरल्यावर आधी मेंदूभोवतीचं पाणी वाहू देतात, मेंदू आपोआप सैल होतो, ओढावं लागत नाही. बहुतेक वेळा गुन्हेगार निघते ती लहान मेंदूला रक्त पुरवणारी सुपीरिअर सेरेबेलर धमनी. कधी दुसरी धमनी, कधी नीलाही असते. नीला असेल तर निकाल जरा कमी टिकाऊ.

धोके झाकून ठेवू नयेत. त्या कानाचं ऐकू येणं जाऊ शकतं, मोनोंगाहेलाताईंनी सांगितलेल्या अभ्यासात ते १ टक्का होतं. मेंदूचं पाणी जखमेतून किंवा नाकातून गळू शकतं. मेंदुज्वर, दोन-दोन दिसणं, चेहरा काही काळ वाकडा होणं, क्वचित पक्षाघात. त्या ११८५ जणांत २ मृत्यू झाले. ती आकडेवारी फार अनुभवी हातांची आहे, हे लक्षात ठेवा. सर्जनना विचारा, "तुम्ही वर्षाला अशी किती करता? कानाचं मॉनिटरिंग ठेवता का?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

घरी गेल्यावर वाकलं की नाकातून पाण्यासारखं गळलं, घशात खारट लागलं, ताप येऊन मान कडक झाली तर सकाळची वाट बघू नका.

मधुमालती | १४ जुलै, सकाळी १०:४५

माझं एमव्हीडी आठ वर्षांपूर्वी झालं. सहा वर्षं एक गोळी नाही. मग दोन वर्षांपूर्वी भांडी घासताना तीच कळ, त्याच जागी. मी स्वयंपाकघरात खालीच बसले. दुखण्यापेक्षा "परत?" याने जास्त खचले.

आता ३०० मिलिग्रॅमवर बरी आहे, ऑपरेशनआधी १२०० लागत होते. कृष्णाकाठची, तुला घाबरवायला लिहीत नाही. त्या सहा वर्षांत मुलीचं लग्न केलं, नर्मदा परिक्रमेचा एक टप्पा चालले. पुन्हा निवडायची वेळ आली तरी तेच निवडीन. पण "कायमचं गेलं" असं आईला सांगू नकोस. मला तसं सांगितलं होतं, आणि ते जड गेलं.

कृष्णाकाठची | १४ जुलै, रात्री १०:३०

मधुताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सहा वर्षं दे म्हणावं, चालतील."

अबोली, आता तुझं. आमचाही पहिला एमआरआय "नॉर्मल" होता. तो साधा होता, जाड कापांचा. त्यात गाठ नाही एवढं कळतं, बारीक धमनी दिसेलच असं नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर खास लिहून दिलं: पाचव्या नसेसाठी पातळ कापांचा, सिस किंवा फिएस्टा पद्धतीचा एमआरआय, सोबत धमन्यांचा अँजिओ. मशीनच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं, पद्धत तीच. त्यात पाणी पांढरं आणि नस-धमनी काळ्या रेघा दिसतात, एकमेकींना कुठे टेकल्यात ते आपल्यालाही कळतं. सीडी न्यूरोसर्जनना दाखव, नुसता कागद नको.

उलटही खरं आहे. काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयमध्येसुद्धा धमनी टेकलेली दिसते. म्हणून निदान होतं ते कळ कशी येते या वर्णनावरून, फोटोवरून नव्हे. बाबांच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या, कळा खरंच सेकंदांच्या, विजेसारख्या आहेत का, की सतत ठणका आहे, हे तू स्वतः आठवडाभर लिहून काढ. सतत ठणका असेल तर ऑपरेशनचा गुण कमी येतो असं आम्हाला सांगितलं होतं.

आणि उद्याच सोडियम तपासून घे. ८०० वर आहेत, पेंगत असतील तर नक्कीच. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ, या गोळीचं पुरळ काही जणांत फार वाईट वळण घेतं. पण गोळी एरवी मनाने बंद करू नका.

खर्चासाठी: महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, हे ऑपरेशन तिथल्या पॅकेजमध्ये बसतं का ते आधी त्यांना विचार.

अबोली२१ | १७ जुलै, संध्याकाळी ६:१५

सोडियम १२८ आलं. न्यूरोलॉजिस्टनी डोस कमी करून दुसरी गोळी जोडली. तुम्ही कळांचं वर्णन लिहून काढायला सांगितलं होतं, ते केलं: चार दिवसांत ६१ कळा, सगळ्या सेकंदांच्या, उजव्या नाकपुडीजवळ आणि वरच्या ओठावर. डॉक्टरांनी ती वही स्वतःजवळ ठेवून घेतली आणि फिएस्टा लिहून दिला. सोमवारी सकाळी आठची वेळ मिळालीय, मिरजेला.

बाबांनी विचारलंय, ऑपरेशननंतर दाढी किती दिवसांनी करता येते?

कृष्णाकाठची | १७ जुलै, रात्री ८:५०

कानामागचे टाके निघेपर्यंत तेवढी जागा सोडायची. गालावर हरकत नाही. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या काकांनी पाचव्या दिवशी वॉर्डातच केली होती, साबण लावून, स्वतःच्या हाताने.